इदूमी, बेने इस्राएल आणि वंशाचा पुरावा

माणूस धर्माचा होतो तो जन्माने की आचरणाने, हा प्रश्न इदूमींच्या इतिहासात फार लख्ख दिसतो. यहूदियाच्या दक्षिणेचे हे लोक याकोबाचा भाऊ एसाव याचे वंशज समजले जात. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने त्यांचा मुलूख जिंकला आणि सुंता करून यहुदी नियम पाळणाऱ्यांनाच तिथे राहू दिले, असे इतिहासकार योसेफस लिहितो. त्यांच्यातलाच हेरोद पुढे राजा झाला, त्याने जेरुसलेमचे मंदिर नव्याने उभारले, तरी विरोधकांनी त्याला ‘अर्धा यहुदी’ म्हणून हिणवलेच. धर्मांतर सक्तीचे, मग निष्ठा खरी कशी, असे कोणी विचारील. पण रोमविरुद्धच्या बंडाच्या काळात, इ.स. 68 मध्ये, हजारो इदूमी जेरुसलेमच्या यादवीत शस्त्रानिशी उतरले. त्यांनी तिथे भयंकर रक्तपात केला, हे लपवू नये, मात्र इ.स. 70 च्या वेढ्यात रोमनांशी लढणाऱ्यांतही तेच होते. दोन शतकांत सक्तीचा धर्म त्यांचा स्वतःचा झाला होता.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजावर मात्र कोणी सक्ती केली नव्हती. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले, ही त्यांची परंपरा, कागद नाही. पण शनिवारी घाणा बंद ठेवल्याने गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे, आठव्या दिवशी सुंता होई, ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडी राहिली. माझ्या मते हाच त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा. तरीही इस्राएलमध्ये गेल्यावर, 1960 नंतरच्या वर्षांत, तिथल्या रब्बी मंडळाने लग्नाआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासायला सांगितले. रब्बींची बाजू पोकळ नव्हती: शतकानुशतके रब्बींवाचून झालेले घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राला धरून होते का, हा त्यांचा प्रश्न. पण ही शंका एखाद्या घराबद्दल असू शकते, अख्ख्या जमातीवर ती लादणे अन्याय आहे. आणि हा दोष परक्यांचाच नव्हे. वंशशुद्धतेवरून ‘गोरा’ आणि ‘काळा’ इस्राएल हा भेद कोकणातल्या याच समाजाने स्वतः पाळला होता. रब्बी मंडळाच्या या आदेशाविरुद्ध बेने इस्राएलांनी केलेल्या 1964 च्या आंदोलनानंतर, 17 ऑगस्टला, इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात रब्बी मंडळाने आदेशातून त्यांचे नाव काढून चौकशी शंकास्पद व्यक्तीपुरती ठेवली. नियम पहिल्या दिवसापासून तसाच असायला हवा होता.