हरवलेली जोडणी

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी लॅपटॉपच्या पडद्यावरून वाय-फायचे चिन्ह नाहीसे झाले, की पहिला ठपका टॉवरवर येतो. ‘रेंज नाही’ म्हटले की विषय संपला! ठपका दूरच्या माथी मारणे सोपे असते. दूरचा उत्तर द्यायला येत नाही.

यंत्राचा निवाडा मात्र निराळा असतो. जोडणी दिसते आहे, पण इंटरनेट मिळत नाही, तर दोष बहुधा राऊटरपासून पुढे शोधावा. जोडण्यांची यादीच रिकामी असेल, तर तो बहुधा लॅपटॉपच्याच पोटात असतो. एअरप्लेन मोड चालू राहिलेला असतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टर बंद केलेला असतो, किंवा विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर त्याचा ड्रायव्हर बिघडलेला असतो. क्वचित कार्डच निकामी झालेले असते.

खरी पंचाईत ड्रायव्हरची. तो पुन्हा मिळवायचा तर बहुधा इंटरनेटच लागते. हरवलेली वस्तू शोधायला तीच वस्तू हवी! अशा वेळी दुसऱ्या कुणाची तरी जोडणी उसनी घ्यावी लागते. शेजाऱ्याने ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणून द्यावा, किंवा आपला अँड्रॉइड फोन यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला जोडून त्यातले इंटरनेट द्यावे. वाय-फाय बंद असले तरी ही वाट बहुधा चालते.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत त्याच रात्री संपत असेल, तर ही तार जोडून देणे उपकार की कर्तव्य? आपण सहज उपकार म्हणतो. मला ते पटत नाही. शासनाने अर्ज संगणकावर नेला, तेव्हाच जोडणी ही चैन राहिली नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेत इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क न्यायालयात मान्य होतो. रात्री अकरा वाजता तो पोहोचवायला मात्र शेजारीच लागतो.

या कर्तव्यालाही मर्यादा आहे. ‘सरक, मी करतो’ म्हणून लॅपटॉप ओढून घेणारा मदतनीस पुढच्या वेळचे परावलंबन पेरून जातो. त्याने बाजूला बसावे, कोठे काय दाबायचे ते दाखवावे, आणि अर्जाचा ओटीपी आला, की तो ज्याचा त्यालाच भरू द्यावा.