हिमालयाच्या वाटेवर पंचशील

उपासक-उपासिकांनो,

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतून आपली काही कुटुंबे आता लडाखला निघतात. अल्चीची जुनी भित्तिचित्रे, ठिकसे आणि हेमिसचे गोम्पा पाहण्याची ओढ चांगलीच आहे. पण निघण्यापूर्वी स्वतःला विचारा: आपण पुण्य जोडायला निघालो की धम्म समजून घ्यायला? देह झिजवला म्हणजे पुण्य पदरी पडते, ही नवसाच्या यात्रेची समजूत बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याकडून सोडवून घेतली. ती गाठोड्यात बांधून पुन्हा वर नेऊ नका.

लेह सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. तेथे एका श्वासात मुंबईच्या मानाने दोनतृतीयांशच प्राणवायू मिळतो. विमान काही तासांत तेथे पोहोचवते. शरीराला मात्र सवय व्हायला दिवस लागतात. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी.

सोण नावाच्या भिक्खूने येरझारा घालून पाय रक्तबंबाळ करून घेतले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. तयारीही अशीच मध्यम मार्गाने करावी. दोन महिने आधीपासून रोज चाला. रविवारी मुलाबाळांसह कान्हेरीच्या पायऱ्या चढा. भिक्खूसंघाने शंभराहून अधिक लेणी कोरलेला तो डोंगर आपल्या दाराशीच आहे. त्याने पाय आणि दम तयार होतील. विरळ हवेची सवय मात्र वर गेल्यावरच होते. दमा, हृदयविकार किंवा रक्तदाब असेल त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. औषधही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावे.

आता पंचशीलाकडे या. चौथे शील असत्य न बोलण्याचे. डोके दुखते, मळमळते, तरी ‘सगळ्यांचा विरस नको’ म्हणून आजी गप्प बसते. बंधूंनो, ते मौनही असत्यच, आणि तेथे ते जिवावर बेतते. त्रास होत असताना आणखी वर चढू नये. चालताना झोक जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. पाचवे शील मद्य वर्ज्य करते. विरळ हवेत डॉक्टरही तेच सांगतात. आणि पहिले शील? वर्षभर पैसे साठवले म्हणून आजाऱ्याला पुढे रेटू नका. सर्वांत दुबळ्याच्या पावलाने सर्वांनी चालावे. करुणा म्हणतात ती हीच.

तेथील उपासनेचे विधी आपल्याहून निराळे दिसतील. आदराने पाहा, विचारा, समजून घ्या. पण बुद्धीला पटल्यावाचून काही स्वीकारू नका.

एखादा गोम्पा पाहायचा राहिला तरी धम्म उणा होत नाही. सर्वजण सुखरूप घरी परतणे, हेच या प्रवासाचे मंगल.

जयभीम!