ब्लॉक झालेला तास

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत शिक्षकाने वर्गात एखादी वेबसाइट उघडावी आणि पडद्यावर ‘ब्लॉक’ची पाटी झळकावी, हे तिथे नवं नाही. कारण विचारलं की उत्तर येतं, कायदा आहे. कायदा आहे खरा. पण तो मागतो फार थोडं आणि त्याच्या नावावर खपवलं जातं बरंच.

डिसेंबर २००० मध्ये मंजूर झालेल्या ‘चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट’ने पैशाची गाठ मारून ठेवली. शाळा आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सूट देणाऱ्या ‘ई-रेट’ योजनेचा लाभ हवा असेल, तर फिल्टर लावा. अडवायचं काय, तर अश्लील आणि मुलांना अपायकारक अशी दृश्यं. मजकुराबद्दल अवाक्षर नाही. फेसबुक केवळ फेसबुक आहे म्हणून अपायकारक ठरत नाही, असा खुलासा तिथल्या दूरसंचार आयोगाने २०११ मध्ये केला. उलट, समाजमाध्यमांवर कसं वागावं हे मुलांना शिकवा, अशी अट २००८ च्या आणखी एका कायद्याने घातली. जे उघडतच नाही ते शिकवायचं कसं, हे शिक्षकाने बघून घ्यावं!

मग एवढं बंद कोण करतं? बहुतेकदा नीट विचार करून कोणीच नाही. फिल्टर विकत येतो तो तयार वर्गवारीसकट: जुगार, गेम्स, चॅट, ‘वर्गवारी नाही’. आयटी विभागातला माणूस चौकोनांत खुणा करत जातो. शेवटचा चौकोन सगळ्यात घातक. जीवशास्त्राच्या बाईंनी रविवारी घरी बसून बनवलेलं पान त्या यादीला माहीतच नसतं, म्हणून ते सोमवारी बंद. गुणाकाराचा सराव ‘गेम्स’मध्ये अडकतो. बाईंनी आयटी विभागाकडे तक्रारीचं ‘तिकीट’ टाकायचं, ते कोणीतरी पाहायचं; तोवर धडा पुढे सरकलेला असतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा त्या छापील कागदच वाटतात.

वर्गवारी दिसते तेवढी निरागसही नसते. मिसुरी राज्यातल्या कॅम्डेंटनच्या शाळांत समलिंगी मुलांना आधार देणाऱ्या साइट्स ‘लैंगिकता’ या खान्यात टाकून अडवलेल्या होत्या. समलिंगींच्या विरोधातल्या साइट्स ‘धर्म’ म्हणून खुशाल उघडत होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये संघीय न्यायालयाने हे थांबवायला सांगितलं. तोवर ती वर्गवारी तंत्रज्ञानाची बाब म्हणून चालून गेली होती.

फिल्टरची अट घालणारा मूळ कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी टिकवला होता. खटला सार्वजनिक ग्रंथालयांचा होता. प्रौढ वाचकाने सांगितल्यावर ग्रंथपाल फारसा विलंब न लावता साइट खुली करू शकत असेल तर तक्रारीला जागा उरत नाही, असं न्यायमूर्ती केनेडी यांचं म्हणणं. त्यांनी काउंटरपलीकडच्या माणसाचा विवेक गृहीत धरला होता. शाळेत तो विवेक शिक्षकाचा असायला हवा होता; तो न पाहिलेल्या कंपनीच्या यादीकडे गेला, ही माझी खरी तक्रार.

भीती खोटी नाही. पडद्यावर भलतंच चित्र आलं तर दुसऱ्या दिवशी पालक दारात उभे राहतात. न झालेल्या धड्याचा जाब मात्र मुख्याध्यापकाला कोणी विचारत नाही. मग ताकही फुंकून प्यायलं जातं.

मोठी मुलं खिशातल्या फोनच्या डेटावर हवं ते उघडतात. ज्याच्या घरी इंटरनेट नाही, फोनला डेटा नाही, त्याच्यापुरता मात्र फिल्टर चोख चालतो. शाळेने दिलेल्या क्रोमबुक लॅपटॉपवर हा फिल्टर अनेकदा घरीही सोबत जातो.

फिल्टर पूर्ण काढून ठेवण्याची कायद्यातली सवड प्रौढाच्या स्वतःच्या कामापुरतीच आहे, हे खरं. पण चुकून अडकलेली निरुपद्रवी साइट खुली करायला त्या सवडीची गरजच नाही. शिक्षकाने स्वतःच्या लॉगिनने ती तासापुरती उघडावी आणि त्याची नोंद राहावी, अशी सोय काही फिल्टरांत असते. चालू करायची की नाही, ते शाळा ठरवते.