वीरकथा, चित्रपट आणि आपला राग

मार्च २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत रात्री माणसांची झुंबड उडत होती. कोणाच्या हाती टॉर्च, कोणाच्या हाती कुदळ, चाळणी. काहींनी धातू शोधण्याची यंत्रेही आणली होती. मोगलांच्या काळातील सोन्याची नाणी तेथे निघत आहेत अशी आवई उठली होती. त्या आवईला बळ मिळाले ते आदल्याच महिन्यात, १४ फेब्रुवारीस, प्रदर्शित झालेल्या 'छावा' या चित्रपटामुळे. बऱ्हाणपूरवरील मराठ्यांची स्वारी आणि तेथला मोगली खजिना चित्रपटाच्या आरंभीच दाखविला आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी जुन्या खानदेशाचे ते मुख्य शहर होते, आणि असीरगड ही त्याची किल्ली. रावेरच्या पलीकडे घडलेली गोष्ट म्हणून आम्हा जळगाव-धुळ्याच्या माणसांना ती परक्याची मानता येत नाही.

बातमी वाचून आम्हांस प्रथम हसू आले, हे कबूल करतो. मग वाटले, या बिचाऱ्यांनी चित्रपट अक्षरशः खरा मानला, एवढाच त्यांचा दोष. त्यांच्या कुदळीने शेते तेवढी उकरली गेली. इतरत्र याच चित्रपटाने मनेही उकरली.

'छावा' पाहून बाहेर पडणारे लोक रडत होते, लहान मुले उभी राहून शिवगर्जना करीत होती, हे अनेकांनी पाहिले आहे. गुजरातेत भरूच येथे एका प्रेक्षकाने नशेच्या भरात छळाच्या प्रसंगी चित्रपटगृहाचा पडदाच फाडला. प्रशंसा होत असताना तक्रारीही झाल्या. महाराज लेझीम खेळताना दाखविले म्हणून प्रदर्शनापूर्वीच आक्षेप निघाला व तो प्रसंग गाळण्यात आला. गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणाने शिर्के घराण्यातील मंडळी दुखावली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला आहे. दंगलीची कारणे एकट्या चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु राग जागा झाला हे तर सर्वच पक्ष मान्य करतात.

येथेच आमचा प्रश्न सुरू होतो. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. छत्रपती संभाजी महाराजांचा ११ मार्च १६८९ चा मृत्यू हा इतिहास आहे. त्यांचे हाल झाले हेही त्या काळच्या लेखकांनी नोंदले आहे. शिवाजी सावंतांची याच नावाची कादंबरी १९७९ साली आली व घराघरांत वाचली गेली. ती वाचून कोणी पुस्तक फाडल्याचे आम्हांस स्मरत नाही. निरपराध माणसाचे हाल पुन्हा सांगणे यात गैर काही नाही. आम्ही तर दर पवित्र मिस्सेत तेच करतो. प्रश्न एवढाच की, असे हाल डोळ्यांपुढे उभे केल्यावर ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याच्या मनात जो राग उसळतो तो कोणाच्या पदरी पडतो? ज्याने हाल केले तो तर तीन शतकांपूर्वी मातीस मिळालेला असतो.

खानदेशात बसून पाहिले तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. १६८१ च्या आरंभी मराठी फौजांनी बऱ्हाणपूरच्या तटाबाहेरील बहादुरपुरा आदी पुरे तीन दिवस लुटले आणि चोपड्यावरून त्या साल्हेरकडे निघून गेल्या. त्याआधी धरणगावची पेठ १६७५ व १६७९ साली लुटली गेली होती. इंग्रजांची वखारही त्यातून सुटली नाही. बलाढ्य बादशाहीशी झुंजणाऱ्या नव्या राज्याला मोहिमांसाठी पैसा शत्रूच्याच पेठांतून काढावा लागे. त्या काळच्या युद्धाची ती रीतच होती, हे इतिहासकार सांगतात व आम्हांसही ते पटते. पण धरणगावचा विणकर, चोपड्याचा वाणी, तापीकाठचा कुणबी यांनी ते दिवस कसे काढले? पडद्यावर ज्यांच्यामधून घोडे दौडतात ती ही माणसे. चित्रपटात त्यांना चेहरा नसतो. आमच्या धर्मग्रामातील कित्येकांचे पूर्वज यांतलेच असावेत.

आता एका जुन्या दंतकथेकडे वळू. 'पद्मावत' चित्रपटाचा गोंधळ वाचकांच्या स्मरणात असेल. जानेवारी २०१७ मध्ये जयपूरला दिग्दर्शक संजय लीला भन्साळी यांच्यावर हल्ला झाला, मार्चमध्ये कोल्हापूरजवळ पन्हाळा परिसरात चित्रीकरणाचा देखावा जाळला गेला, नाव बदलावे लागले. चार राज्यांनी घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केल्यावर २५ जानेवारी २०१८ रोजी चित्रपट लागला. राणीचा अपमान झाला अशी एका बाजूची ओरड. उलट अग्निप्रवेशाचे इतके देखणे चित्रण करणे हाच स्त्रियांचा अपमान, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. आम्हांस दुसरे म्हणणे अधिक वजनाचे वाटले. गरोदर स्त्रीला ज्वालांकडे चालत जाताना दाखवावे आणि प्रेक्षकाच्या अंगावर भक्तीचा काटा यावा, यात काही तरी मोठे बिघडले आहे.

चितोडचा वेढा १३०३ सालचा. त्या मोहिमेत हजर असलेल्या अमीर खुस्रोने पद्मिनीचे नावही घेतलेले नाही. तिची कथा मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने १५४० च्या सुमारास अवधीत रचली. जायसीचा राजा अल्लाउद्दीनाच्या हातून मरतच नाही. तो दुसऱ्या एका हिंदू राजाशी झालेल्या द्वंद्वात घायाळ होऊन मरतो. आणि सुलतान गडावर पोहोचतो तेव्हा त्याच्या मुठीत राख येते. विजेत्याच्या मुठीत राख, हे त्या सूफीचे सारे सांगणे. चित्रपटाने राजाला सुलतानाच्या बाजूच्या बाणांनी मारले. एवढ्या बदलाने कथा एका माणसाच्या वासनेवरची न राहता दोन जमातींच्या हिशेबाची होते.

जायसीच्या कथेत राजाला दिल्लीच्या कैदेतून सोडविण्यासाठी गोरा आणि बादल हे वीर पालख्यांत शिपाई लपवून नेतात. ही युक्ती आपल्या खानदेशाच्या दंतकथेतही आहे, पण तिचे तोंड उलट्या दिशेला आहे. फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी ती लिहून ठेवली. असीरगडावर आसा नावाचा एक अहीर धनगर राहत होता. हजारो म्हशी व मेंढ्या बाळगणारा, धान्याने पेवे भरलेली. दुष्काळ पडला तेव्हा त्याची माणसे धान्य विकू लागली. त्याच्या बायकोने मात्र त्याला गळ घातली की गरिबांना धान्य वाटावे आणि हातपाय चालणाऱ्यांना काम द्यावे. त्या कामातून गडाचा तट उभा राहिला, असे कथा सांगते. (गड त्याच्याही आधीचा असावा असे मानणारे अभ्यासक आहेत.) म्हणजे आज आपण ज्याला रोजगार हमी म्हणतो तिच्यातून बांधलेला तट.

पुढे थाळनेरच्या मलिक राजाचा मुलगा नासिर खान फारुकी गादीवर आला. त्याच्या वाट्याला धुळ्याजवळचा लळिंग किल्ला होता. त्याने आसाला निरोप पाठविला: शेजारचे राजे माझ्यावर उठले आहेत, लळिंग त्यांच्या फार जवळ आहे, माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने होकार दिला. पहिल्या डोल्यांतून खरोखरच स्त्रिया उतरल्या, आसाच्या घरच्या बायकांनी त्यांची विचारपूस केली. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. पाहुण्यांच्या स्वागतासाठी आसा आपल्या मुलांसह दाराशी आला. डोल्यांतून तलवारी निघाल्या.

एकाच युक्तीला एका कथेत आपण शौर्य म्हणतो आणि दुसरीत विश्वासघात. असे म्हणण्यात खोटेपणा आहे असे नाही. कैद्याला सोडविणे व यजमानाला मारणे यांत फरक आहेच. पण आसा अहिरावर अद्याप कोणी चित्रपट काढलेला आम्ही ऐकलेला नाही, आणि तो निघावा असेही आम्हांस खात्रीने म्हणवत नाही. कारण निघालाच तर त्याचा पूर्वार्ध, म्हणजे दुष्काळ, पेवे, तटावर काम करणारी माणसे, पाच मिनिटांत उरकला जाईल, आणि उरलेल्या दोन तासांत डोल्यांतील तलवारी दिसतील. मग धुळ्यात किंवा भुसावळात कोण्या गरीब मोमीन विणकराच्या दुकानाकडे बोटे जातील.

हे आम्ही दुसऱ्यांच्या घरातील कचरा दाखविण्यासाठी लिहीत नाही. आमच्या घरात तो शतकानुशतके साठला होता. प्रभू येशूच्या दुःखसहनाची नाटके युरोपात मध्ययुगापासून होत आली. ती पाहून बाहेर पडलेल्या भाविकांनी शेजारच्या यहुदी वस्त्यांवर चालून जावे, असे पुनःपुन्हा घडले. काही शहरांत पवित्र आठवड्यात यहुद्यांना दारे लावून घरात राहावे लागे. बव्हेरियातील ओबरामरगाऊ गावात १६३४ पासून, प्लेगच्या वेळी केलेल्या नवसापोटी, दुःखसहनाचे नाटक होते. १९३४ साली हिटलर ते पाहून गेला आणि त्याने त्याची वाखाणणी केली. का केली, हे सांगावयास नको. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही. त्यानंतर त्या गावानेही आपली संहिता टप्प्याटप्प्याने बदलली. परिषदेस हे सांगावेसे वाटले तोवर किती घरे जळून गेली होती!

२००४ साली मेल गिब्सन यांचा दुःखसहनावरील चित्रपट आला तेव्हा पुष्कळ धर्मग्रामांत तो दाखविला गेला, आम्हीही दाखविला. भाविक ढसाढसा रडले. त्या रात्री आम्ही शुभवर्तमाने काढून फटक्यांचा प्रसंग शोधला. मत्तय आणि मार्क यांच्या मूळ ग्रीकमध्ये तो एका शब्दात आहे. क्रुसावर खिळण्याची क्रियाही तशीच, जाता जाता सांगितलेली. सेमिनरीत असताना हे शिकलो होतो. अर्थ त्या रात्री कळला. शुभवर्तमानकारांनी चाबूक मोजले नाहीत. त्यांनी जागा दिली ती पेत्राच्या नाकारण्याला, शिष्यांच्या पळण्याला, हात धुणाऱ्या सुभेदाराला, ओरडणाऱ्या गर्दीला. ऐकणाऱ्याने आपले तोंड त्या गर्दीत शोधावे, अशी ती रचना आहे. पडदा भरून चाबूक दाखविला की आपले तोंड शोधण्याची सवड राहत नाही. चाबूक धरणारा हातच काय तो दिसतो.

पुनर्कथन करू नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापले नसते तर मराठी ओवीला केवढा तोटा झाला असता! संतांच्या चरित्रांतही दंतकथा शिरल्या. सेंट जॉर्जचा अजगर कोणी पाहिला नाही. बोलांडिस्ट येशूसंघीयांनी पिढ्यान्‌पिढ्या बसून त्या निवडल्या, आणि १९६९ मध्ये ख्रिस्तसभेने आपल्या पंचांगातून काही लाडकी नावे बाजूला काढली, तेव्हा भाविक दुखावले. त्यांचे दुखावणे आम्हांस समजते. दुखावलेल्या शिर्के कुटुंबाचेही समजते.

एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात क्रुसाची वाट जिवंत देखाव्याच्या रूपाने बसविली होती. युवकांनी लाल रंग, दोरीचे चाबूक, सारे जमविले. आम्हीच त्यांना 'अजून जोरात' म्हणून सांगत होतो. देखावा संपल्यावर कपडे बदलायला गेलेल्या शिपायांपैकी एका मुलास लहान पोरांनी दगड मारला. भुवईवर टाके पडले. तो मुलगा इतर सर्वांहून सावळा आणि बाहेरगावाहून वसतिगृहात आलेला होता. बाकीच्या तीन शिपायांना कोणी हात लावला नव्हता. हे आम्ही त्या वेळी लक्षात घेतले नाही. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, 'फादर, यालाच का?' तेव्हा लक्षात आले.

'छावा' पाहून आलेल्या युवकांशी गेल्या वर्षी आम्ही हे सारे बोललो. त्यांना चित्रपट आवडला होता, आणि आवडू नये असे आम्ही म्हटले नाही. धर्मापायी हाल सोसणाऱ्या माणसापुढे मान लवते, ती लवावीच. आसा अहिराची गोष्ट मात्र त्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हती. ती सांगून झाल्यावर एकाने विचारले, 'फादर, यावर पिक्चर काढला तर शेवट काय दाखवायचा?' आम्ही घुटमळलो. जेवणाची भांडी आवरत असलेल्या स्वयंपाकघरातील मावशी म्हणाल्या, 'त्या बाईनं पेव उघडलं तिथंच थांबवा की.'

मुले हसली. 'मावशी, मग तिकीट कोण काढणार?'

मावशींनी उत्तर दिले नाही. त्या भांडी घेऊन आत गेल्या. मुलांचा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशीही नाही. येत्या उपवासकाळात क्रुसाची वाट पुन्हा बसवावयाची आहे. शिपायाचे काम या वेळी आम्ही स्वतः करावे असे एका मुलाने सुचविले आहे.