सव्वा मूठ

हे मनन रिकाम्या पोटी करू नये. भुकेल्याला पदार्थ आठवतो, जेवलेल्याला तो करणारं माणूस आठवतं. तेव्हा दुपारचं जेवण उरकून, हात धुऊन, जिथं लगेच कुणी हाक मारणार नाही अशा जागी बसा. मांडी घाला, पाय पसरा, भिंतीला टेका, काहीही चालेल. डोळे मिटायचीही गरज नाही. जिथं थांबावंसं वाटेल तिथं मात्र खुशाल थांबा. सणाच्या स्वयंपाकाला घाई मानवत नाही, या वाचनालाही मानवायची नाही.

आधी एक भांडं डोळ्यांपुढे आणा. मातीचं, रुंद, पालथं घातल्यावर पाठ गोल फुगून वर येणारं. खाली चूल, चुलीत लाकडांचा जाळ. याला खान्देशात खापर म्हणतात आणि त्यावर भाजलेल्या पुरणाच्या पोळीला खापराची पोळी किंवा मांडा. खापर तापायला वेळ लागतो. पाण्याचे चार थेंब शिंपडून बघायचं आणि थेंब कसे उडतात त्यावरून लाकडं पुढे सारायची की मागे ओढायची ते ठरवायचं. तेवढा वेळ आपणही थांबू. तुमच्या घरातलं असं एखादं भांडं आठवा, जे वर्षातून दोन-तीनदाच खाली निघायचं. ते कुठे ठेवलेलं असायचं? माळ्यावर, कणगीमागे, की पोत्यात गुंडाळून पलंगाखाली? काढायला कुणाला सांगत? आणि फोडशील म्हणून कुणाला हात लावू देत नसत?

आता पीठ. गव्हाचं बारीक दळलेलं पीठ फडक्यातून चाळून घेतात. ते सैलसर भिजवायचं, मळायचं, आपटायचं, ताणायचं, पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. कणकेला तार सुटेपर्यंत हेच. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, मऊसूत वाटलेलं, कारण डाळीचा कण राहिला की नेमकी तिथंच पोळी फाटते. उंडा भरून पोळी लाटतात ती लहान ताटलीएवढी. तिथं पोळपाटाचं काम संपलं. मग पोळी उचलून हातांवर घ्यायची, नख लागू नये म्हणून बोटं आत मिटायची, आणि या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत तिला वाढवत न्यायचं. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. पलीकडचा जाळ पोळीतून दिसायला लागला की ती खापरावर सोडायची. सोडताना हात अलगद मागे घेण्यात सगळं कसब आहे. सुरकुती पडली तर तेवढी जागा कच्ची राहते. बघता बघता पोळीवर तांबूस ठिपके उमटतात, ती उलटते, उतरते आणि गरम असतानाच तिची घडी पडते. गार झालेल्या पोळीची घडी मोडते.

तेच हात पुन्हा पाहा, पण इतक्यात चेहऱ्याकडे जाऊ नका. कोपरापर्यंतचेच हात. माझ्या मोठ्या मायच्या बांगड्या अशा वेळी वर सरकवून दंडाकडे घट्ट बसवलेल्या असत आणि उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला भाजल्याचा जुना डाग होता. तिचा चेहरा आठवायला मला आता फोटो लागतो. डागाला लागत नाही. तुमच्या आठवणीतल्या हातांवर काय आहे? गोंदण असेल, पिठात बुडालेली अंगठी असेल, विळीवर कापलेलं बोट असेल. सापडलं की तिथंच जरा रेंगाळा.

मांडा फार जुना आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मंडक येतो. आपल्याला त्याहून ओळखीची आहे ती मुक्ताबाईची कथा. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, विसोबा चाटीनं कुंभारांना बजावलं की हिला खापर द्यायचं नाही, आणि मग ज्ञानेश्वरांनी जठराग्नी चेतवला, तापलेल्या पाठीवर तिनं मांडे भाजले. ही कथा सांगताना सगळ्यांचं लक्ष त्या पाठीवर जातं. मी तुम्हाला थोडं अलीकडे थांबायला सांगतो. चार भावंडांतली सगळ्यांत धाकटी पोर खापर मागायला जाते आणि रिकाम्या हातानं परत येते. ती वाट डोळ्यांपुढे आणा. याच मुक्ताबाईनं शके १२१९ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९७ साली, तापीकाठी देह ठेवला असं परंपरा मानते. ती जागा आमच्या जळगाव जिल्ह्यात आहे, आणि पूर्वीच्या एदलाबादला आता मुक्ताईनगर म्हणतात ते तिच्याच नावानं. आळंदीत जिला खापर नाकारलं ती अखेर खापराच्या मुलखात आली, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. तिच्यातून काही सिद्ध होत नाही, पण आवडते.

त्या वाटेवरून आपल्या घरी या. सणाला पोळी कुणी खाल्ली हे सगळ्यांना सांगता येतं. गिरणीवर दळण घेऊन कोण गेलं होतं? लाकडं कुणी फोडली? डाळ निवडता निवडता कोण पेंगलं? एकेका प्रश्नाला एक माणूस भेटतं का बघा. घाई नाही.

पोळीच्या आजूबाजूचं ताटही भरून घेऊ. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढून त्याची रशी होते. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला, वर तवंग. पातळ इतकी की भातात ओतली की ताटभर पळते. सोबत भजी, तळलेले पापड, कुरडया. बाहेरचा पाहुणा पोळीचं कौतुक करून थांबतो. घरचा माणूस रशी-भातापाशी ताटावर वाकतो. माझं मत विचाराल तर गोडाचा सण रशीनंच तरतो.

कुरडईपाशी जरा जास्त थांबा. ताटात ती कोपऱ्यात असते आणि कडकन मोडून दोन घासांत संपते, पण तिचं काम सणाच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून चीक काढायचा. तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे मोठ्या पातेल्यात मीठ घालून शिजवायचा. ढवळणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नाही, गाठ झाली की संपलं. शिजलेला चीक साच्यातून खाटेवरच्या कापडावर पाडायचा. उन्हं वर यायच्या आत गच्चीवर रांगा लागलेल्या असायच्या. आम्हा पोरांना वाटीत गरम चीक मिळे, राखणीची मजुरी म्हणून. राखण कावळ्यांपासून करायची होती, प्रत्यक्षात अर्धवट वाळलेल्या कुरडया आम्हीच खायचो आणि कावळ्यांवर ढकलायचो. या कामाला एकटीचे हात पुरत नाहीत. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, असं गल्लीतल्या बायका हे काम वाटून घेत. म्हणजे ताटातल्या त्या एका कुरडईत घराबाहेरच्याही चारजणी बसलेल्या आहेत. त्यांची नावं आठवतात? निदान कुणाची आई, कुणाची काकू, एवढं तरी?

आता सणाकडे. वैशाख शुद्ध तृतीया, अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला पंधरवडा, जळगावचा पारा ४३-४४ अंशांवर. त्या उन्हात चुलीपुढे बसून मांडे भाजणं म्हणजे काय, हे मांडे खाणाऱ्याला कधी कळलेलं नाही. आखाजी लेकींची. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, गाणी होतात, सांजोऱ्या तळल्या जातात. आखाजी पितरांचीही. मातीची घागर पाण्यानं भरून पुजतात, डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा ठेवतात, चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप आणि ताटातला घास घालून आगारी टाकतात. पितरांना रस दिल्याखेरीज घरात कुणी आंब्याला तोंड लावायचं नाही, हा नेम आमच्याकडे कडक होता. आणि आखाजी सालदाराची. शेतावर वर्षाच्या करारानं राबणाऱ्या गड्याचं साल या दिवशी फिटायचं आणि नवं ठरायचं. ओट्यावर पत्त्यांचे डाव पडायचे, त्याकडे आज काणाडोळा.

म्हणजे बघा, त्या एका दिवशी किती पानं मांडलेली आहेत. जिचं घर आता दुसरं झालं तिचं पान आहे. जे जगात नाहीत त्यांचा घास निखाऱ्यावर आहे. जो रक्ताचा नाही, पण ज्याच्या घामावर कणगी भरली, तोही जेवतो. तुमच्या घरच्या सणाचं ताट मांडा आणि या तीन जागांवर कोण बसलं होतं ते पाहा. सालदाराचं पान कुठे होतं? पंगतीत की ओसरीवर? मला ठाऊक आहे, आमच्याकडे ओसरीवर होतं. पोळी तीच, जागा वेगळी. आठवणींत हेही येऊ द्या. गोड तेवढं निवडत बसलात तर हे मनन कसलं!

श्रावणात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला सजवून चौरंगावर तिची स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर. कानबाईचे रोट असतात. त्यासाठी गहू मोजायचे ते मुठीनं, घरातल्या माणसांच्या नावानं, माणशी सव्वा मूठ. त्याचं पीठ चाळत नाहीत, कोंड्यासकट वापरतात. त्याच पिठाच्या पुरणाच्या पोळ्या, सोबत गंगाफळाची भाजी, खीर. रोट खायचे भाऊबंदांनीच, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

उजवा हात पुढे करा. मूठ मिटा, उघडा, पुन्हा मिटा. किती गहू मावतील? जिनं मोजले तिच्या मुठीत याहून कमी मावत असतील, आणि तरीही घरातल्या सहा फुटी गड्याचा आणि पाळण्यातल्या पोराचा वाटा तिच्या एकाच मुठीनं ठरायचा. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्यानं मराठी स्वयंपाकघराला नेमकं माप दिलं. फार मोठं काम झालं ते. पण वाटीनं मोजताना नाव घ्यावं लागत नाही. इथं प्रत्येक मुठीला एक नाव आहे. थोरला, मधला, धाकटा, त्यांची पोरं. ज्या वर्षी नवं बाळ आलं त्या वर्षी सुपातला ढीग वाढायचा. ज्या वर्षी कुणी गेलं, त्या वर्षी मोजणाऱ्या बाईचा हात पोत्यात जाऊन क्षणभर थबकत असेल.

आणि ती वरची पाव मूठ? सव्वा हे शुभाचं माप, एवढंच उत्तर मला घरात मिळालं. तुम्हाला दुसरं काही सुचतं का बघा. सुचलं नाही तरी बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती इथंच बोललेली बरी. पुष्कळ घरांत ही सव्वा मूठ पुरुषांच्याच नावानं मोजतात. मोजणारी बाई, भाजणारी बाई, गाणारी बाई, आणि मोजणीत तिचं नाव नाही. लग्न झालेल्या लेकीला तर रोट चालतच नाही, तिचं कुळ बदललं. आखाजीला जिच्यासाठी झोका बांधला, तिला श्रावणात त्याच घरचा घास नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी माहेर, जातं, चूल, आखाजी त्यांनी गाण्यांत पक्कं करून ठेवलं. ती गाणी १९५२ साली छापली गेली म्हणून आपल्यापर्यंत आली. अशी किती जणींची मोजणी पिठातच राहून गेली असेल! आता काही घरांत मुलींच्या नावानंही मूठ घालतात. भाऊबंदांत त्यावरून कुरबुर होते, म्हातारी माणसं देवीला चालेल का म्हणून विचारतात. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे की कानबाईमाय स्वतः बाई आहे, तिला चालेल.

खापर आता घरोघर निघत नाही. पुण्या-मुंबईच्या गॅसवर ते बसतही नाही. बचत गटाच्या बायका प्रदर्शनात चूल मांडून मांडे करतात, लोक रांगेत उभे राहून व्हिडिओ काढतात. पोळी चांगली असते, मी खाल्ली आहे. ती कुणाच्या नावची नसते, एवढंच.

शेवटचं काम हे. घरात गहू नसतील तर तांदूळ घ्या, जे असेल ते. एक ताट समोर ठेवा. तुमच्या घरच्या सणाच्या पंगतीत ज्यांना ज्यांना जेवताना पाहिलंत, त्या प्रत्येकाचं नाव घेऊन सव्वा मूठ टाका. आत्या, मावश्या, त्यांच्या पोरी, चीक ढवळणारी शेजारीण, ओसरीवरचा गडी. नावं मोठ्यानं घ्या, पुटपुटू नका. मध्येच एखादं नाव अडेल. चेहरा आठवेल, जेवताना बोटं चाटण्याची लकब आठवेल आणि नाव ओठांवर येणार नाही. तिथं थांबा आणि ज्या कुणाला ते माहीत असेल त्याला फोन लावा. घरातली एखादी आत्या अजून असेल तर आधी तिला.