वाफेला वाट, जंतूला मज्जाव

शस्त्रक्रियेचा कापूस, गॉज आणि टॉवेल निर्जंतुक करण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा एक गोल डबा वापरतात. ऑपरेशन थिएटरमधली माणसं त्याला नुसतं ‘ड्रम’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमधले शल्यचिकित्सक कुर्ट शिमेलबुश यांच्यामुळे तो रूढ झाला, म्हणून पुस्तकांत त्याचं नाव शिमेलबुश ड्रम. या डब्याच्या कडेला भोकांची रांग असते. आतलं सामान जंतूंपासून राखायचं आणि डब्याला मात्र भोकं, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटतं. भोकांवर एक सरकती पट्टी असते. ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ठेवताना पट्टी सरकवून भोकं उघडी करायची, आणि बाहेर काढल्याबरोबर बंद करायची. विसरलात तर सगळं काम वाया. आत जाताना बंद राहिली तर सामान निर्जंतुक होत नाही, बाहेर आल्यावर उघडी राहिली तर निर्जंतुक राहत नाही.

वैद्यकीय वेष्टनाचा सगळा पेच या एका पट्टीत आहे. वेष्टन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कवच येतं: जितकं जाड, जितकं घट्ट, तितकं चांगलं. नुसतं अडवायचंच असतं तर काम सोपं होतं, पत्र्याच्या डब्याला डाख देऊन मोकळं होता आलं असतं. वेष्टनाची अक्कल कुणाला, कधी आणि किती वेळ वाट द्यायची हे ठरवण्यात लागते.

वाफेचं पाहा. ऑटोक्लेव्हमधली 121 अंशांची वाफ साधारण 15 मिनिटांत जंतूंचे चिवट बीजाणूही मारते, 134 अंशांना तर 3 मिनिटं पुरतात. तेच काम कोरड्या गरम हवेनं करायचं तर 160 अंश आणि 2 तास लागतात. हा फरक नुसत्या उष्णतेचा नाही. वाफ थंड वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं आणि त्या क्षणी ती साठवलेली सगळी उष्णता तिथे ओतते. म्हणजे वाफ वस्तूला प्रत्यक्ष टेकायला हवी. मधे हवेचा कप्पा अडकला तर बाहेरचा काटा 121 दाखवत राहतो आणि आतली कात्री तितकी तापतच नाही. म्हणून वाफेला आत येण्याइतकीच आतल्या हवेला बाहेर पडायलाही वाट लागते. पुडक्यावर लावलेल्या टेपचे पट्टे काळे झाले म्हणजे सगळं निर्जंतुक झालं, असा एक गोड समज आहे. पुडकं तापून आलं आहे, एवढंच तो पट्टा सांगतो. आत काय झालं याची त्याला खबर नसते.

ड्रमची पट्टी माणसाच्या हाताने सरकते, आणि ती फार घट्टही बसत नाही. शिवाय एका गॉजसाठी झाकण उघडलं की बाकी सगळं सामान संशयित. लहान दवाखान्यांत ड्रम अजून दिसतो, पण मोठ्या रुग्णालयांत त्याची जागा एकेका शस्त्रक्रियेपुरत्या पुडक्यांनी घेतली. आधी दुहेरी सुती कापडाची, मग खास कागदाची, मग न विणलेल्या कृत्रिम कापडाची. या पुडक्यांना पट्टी नाही. वाफ ज्या वाटेने आत गेली ती वाट पुडकं कपाटात असतानाही उघडीच असते. मग जंतू त्याच वाटेने आत का शिरत नाहीत?

भोकं जंतूपेक्षा बारीक असतील, असं पटकन वाटतं. पण वैद्यकीय कागदातल्या बऱ्याच वाटा जंतूच्या आकारापेक्षा मोठ्या असतात. एखादा स्टॅफिलोकोकस सुमारे एक मायक्रॉनचा, तो त्यांतून सहज मावेल. तरी तो अडतो, कारण वाट सरळ नाही. करवंदीच्या जाळीत खडा भिरकावून पाहा. जाळीत खड्याहून मोठ्या फटी शेकड्यांनी असतात, पण खडा आरपार जात नाही. एका फांदीवरून दुसरीवर आपटत कुठेतरी अडकून बसतो. वारा मात्र त्याच जाळीतून निघून जातो. कागदाचे धागे तसेच एकात एक गुंतलेले असतात. वायूचे रेणू वळणं घेत पार होतात, धुळीचा कण वळणावर धाग्याला चिकटतो. आणि कोरड्या जागी जंतू हा धुळीच्या कणावरचा प्रवासी असतो, त्याला स्वतःचे पाय नसतात.

या गुंत्याचं सगळ्यात गाजलेलं रूप म्हणजे टायवेक. 1955 साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत जिम व्हाइट या संशोधकाला एका नळीतून पांढरी लव बाहेर पडताना दिसली. तो पॉलिथिलीनचा अतिसूक्ष्म धागा निघाला. हे धागे पसरून केवळ उष्णता आणि दाब यांनी एकमेकांना जोडले की कागदासारखं पान तयार होतं, हाताने मात्र फाटत नाही. 1967 साली ते बाजारात आलं. हृदयाचे स्टेंट, कॅथेटर, कृत्रिम सांधे यांच्या पाकिटाची एक बाजू पारदर्शक प्लॅस्टिकची आणि दुसरी दुधाळ पांढरी असते, ती पुष्कळदा हीच. वाफेच्या तापमानाला यांतलं बरंच सामान टिकत नाही म्हणून ते पुष्कळदा इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. हा वायू माणसालाही विषारी आणि कर्करोगकारक. तेव्हा तो आत गेला पाहिजे, काम केलं पाहिजे आणि निमूटपणे बाहेरही पडला पाहिजे. वेष्टनाने वायू आत घेतला आणि बाहेर सोडला नाही तर जंतू मरतील, पण वायू रोग्यासाठी राहून जाईल.

गुंत्याचा हा बंदोबस्त एका अटीवर चालतो: कोरडेपणा. पाणी धाग्यांमधल्या फटी भरून टाकतं, आणि आतापर्यंत अपंग असलेल्या जंतूला पोहायला रस्ता मिळतो. म्हणून ऑटोक्लेव्हमधून ओलसर निघालेलं पुडकं, टेपचे पट्टे कितीही काळे असोत, निर्जंतुक धरत नाहीत. गरम पुडकं थंड स्टीलच्या टेबलावर ठेवायचं नाही, हा सीएसएसडीतला, म्हणजे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागातला, नियम नवख्याला सोवळ्यासारखा वाटतो. पण थंड पत्र्याला टेकलेल्या बाजूला आतल्या वाफेचं पाणी होतं, आणि टेबलावरचे जंतू त्या ओलीतून वर चढतात. म्हणून जाळीच्या रॅकवर निवू द्यायचं. पुडक्यांना रबरबँड लावायचं नाही, खणात कोंबायची नाहीत, यालाही कारण आहे. दाबलं की आतली हवा बाहेर पडते, सोडलं की बाहेरची आत ओढली जाते, आणि हवेच्या जोरापुढे आपला गुंता थोडा दुबळा ठरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या सगळ्याला आर्द्रतेची जोड असते. भिंतीला ओल आलेल्या खोलीत पुडकं किती दिवस चांगलं, याला कॅलेंडरमध्ये उत्तर नाही. म्हणूनच पुडक्याची मुदत दिवसांपेक्षा घटनांनी मोजावी, असा विचार आता मान्य झाला आहे: भिजलं, पडलं, फाटलं, दबलं, की त्याचं निर्जंतुकपण तिथेच संपलं. हा विचार मला पटतो. मात्र तो पाळायला पुडकं पाहणारा माणूस लागतो. तारीख कुणीही वाचू शकतो.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मुंबईत पाहायला मिळतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘आयसोमेड’ प्रकल्प 1974 साली सुरू झाला. तिथे कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी वैद्यकीय सामान निर्जंतुक होतं. गॅमा किरणांना वाट लागत नाही. पाकीट सील करा, खोक्यात भरा, खोकं चिकटवा आणि तसंच आत पाठवा. 25 किलोग्रे मात्रा मिळाली की झालं. भोकं नकोत, पट्टी नको, हवा काढायला नको. आतापर्यंतचं सगळं निरूपण इथे कोसळतं, असं वाटेल. पण ज्या पाहुण्याला दार लागत नाही तो भिंतच हलवून जातो. गॅमा किरणांनी प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात. पीव्हीसी पिवळं पडतं, साधं पॉलिप्रोपिलीन ठिसूळ होतं. म्हणून अशा सिरिंजसाठी वेगळं, किरण सोसणारं पॉलिप्रोपिलीन वापरावं लागतं. आत येणाऱ्याला वाट दिली नाही तरी तो जे करून जाईल ते सोसण्याची तयारी वेष्टनात लागतेच.

सगळ्यात कठीण परीक्षा मला विरघळणाऱ्या टाक्यांची वाटते. पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा शरीरात पाण्याच्या संपर्काने तुटतो, तोच त्याचा गुण. पण पाणी हवेतही असतं. कपाटात राहिलेल्या धाग्याने बाष्प ओढून घेतलं तर तो पोटाच्या आत गेल्यावर ठरल्यापेक्षा आधीच दम सोडेल. तेव्हा त्याला ॲल्युमिनियमच्या फॉइलचं पाकीट हवं, ज्यातून बाष्पाचा रेणूही जाणार नाही. आणि निर्जंतुक करायला वायू हवा, तो तर फॉइलमधून जाणार नाही. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी. तोड अशी निघाली की फॉइलच्या पाकिटाला वरच्या टोकाला श्वास घेणारी एक पट्टी ठेवायची. तिच्यातून वायू आत जातो, बाहेर येतो, धागा सुकवलाही जातो. मग पट्टीच्या खाली फॉइल गरम दाबाने चिकटवायचं आणि पट्टी कापून टाकायची.

हाच हिशेब औषधाच्या गोळीला लावला तर आणखी एक बाजू उघडते. आतून बाहेर जाऊ पाहणाऱ्यालाही धरून ठेवावं लागतं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी हे त्याचं उदाहरण. हे द्रव्य उडून जातं, इतकंच नाही, ते प्लॅस्टिकमध्ये मुरतं. प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवलेल्या गोळ्या दिसायला जशाच्या तशा राहतात आणि औषध डबीने खाल्लेलं असतं. म्हणून काचेची बाटली, घट्ट झाकण, आणि आत कापूसही नको. शिरेतून द्यायचं नायट्रोग्लिसरीनही साध्या पीव्हीसीच्या पिशवीत चालत नाही, ते याच कारणाने.

ॲस्पिरिनचं उलट. तिला बाहेरचं पाणी नको. पाण्याने तिचं सॅलिसिलिक आणि ॲसिटिक आम्ल होतं, म्हणून जुन्या ॲस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरचा वास येतो. आणि कॅप्सूलला पाणी हवं असतं! जिलेटिनच्या टोपणात 13 ते 16 टक्के पाणी असतं. आतलं औषध जपण्यासाठी सिलिका जेलची मोठी पुडी टाकून सगळं कोरडं केलं की टोपण तडकतं.

आपल्या रोजच्या पाकिटात, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचे कप्पे आणि मागे फॉइल असलेल्या ब्लिस्टरमध्ये, कमजोर दुवा समोरच्या पीव्हीसीचा. पाव मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्यात भोक नसतं, तरी बाष्पाचे रेणू प्लॅस्टिकमध्ये विरघळून हळूहळू पलीकडे निघतात. थोडं बाष्प सोसणाऱ्या गोळीला तेवढं पुरतं. न सोसणारीला पीव्हीडीसीचा लेप दिलेला पत्रा लागतो, आणि अगदी नाजूक असेल तर दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम. ॲमॉक्सिसिलिनच्या जोडीला येणारं क्लॅव्हुलॅनिक आम्ल अशांतलं. दोन्हीकडे ॲल्युमिनियम असलेलं पाकीट केवढं तरी मोठं असतं आणि त्यात गोळ्या मोजक्या. कंपनी जागा अडवून दिमाख दाखवते, असं वाटतं. खरं कारण वेगळं आहे. ॲल्युमिनियम थंडच दाबून कप्पा काढतात. खोल आणि उभ्या भिंतीचा कप्पा काढू गेलं तर धातू ताणून फाटतो, सूक्ष्म भोकं पडतात. म्हणून कप्पा पसरट, उतरत्या कडांचा, आणि एकेका गोळीला ऐसपैस जागा. हे सगळं महाग आहे. पण 30 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असा एक कसोटीचा दर्जाच औषधांच्या जगात आहे, तो दमट उष्ण देशांसाठी. ऑगस्टमधल्या रत्नागिरीत राहणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगायला नको.

एवढ्या कष्टाने बांधलेल्या या बंदोबस्ताचा शेवट घरी, जेवणाच्या टेबलावर होतो. आई-वडिलांना सात-आठ औषधं असतात, म्हणून मुलगी किंवा सून रविवारी बसून आठवडाभराच्या गोळ्या पाकिटांतून काढून सात कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीत भरते. मायेचंच काम आहे, आणि चुकून दोनदा घेणं त्याने टळतंही. पुष्कळ गोळ्यांना आठवडाभरात काही होत नाही. पण रक्त पातळ ठेवणाऱ्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल त्यांच्या पाकिटातून किंवा मूळ बाटलीतून घेण्याच्या वेळीच काढायच्या असतात, बाटली उघडली तर चार महिन्यांत संपवायची असते, आणि अशा डबीत त्या ठेवायच्याच नसतात. कप्प्यासकट कातरून ठेवलं तर चालेल, फक्त कातर सीलच्या कडेच्या बाहेरून गेली पाहिजे. मूळ पाकिटातच ठेवायची सूचना खोक्यावर छापलेली असते. औषधाच्या दुकानात मात्र दहाची स्ट्रिप कातरून चार गोळ्या हातात येतात, आणि खोकं काउंटरच्या मागेच राहतं.