म्यान केलेली तलवार

वाचकहो, हात आवरला म्हणजे क्षमा झाली काय? हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत होता, आणि तो नीट उभा राहिला एका परक्या नाटकात. शेक्सपियरचे 'हॅम्लेट' आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले, तेव्हा अगदीच परके तरी कसे म्हणावे?

डेन्मार्कचा राजा बागेत निजला असता सख्खा भाऊ क्लॉडियस याने कानात विष ओतून त्याला मारले, राज्य घेतले, भावजयीशी लग्न लावले. मेलेल्या राजाचे भूत मुलाला, हॅम्लेटला, सूड घे म्हणून सांगते. तिसऱ्या अंकात तो सूड हातभर अंतरावर येतो. क्लॉडियस एकटा, गुडघे टेकून प्रार्थनेला बसला आहे. मागून हॅम्लेट येतो, तलवार उपसतो, आणि पुन्हा म्यानात घालतो.

प्रथम वाचताना आम्ही म्हटले, शाबास! देवापुढे बसलेल्यावर पोराने हात टाकला नाही. पण त्याचे बोलणे नीट वाचले नि अंगावर काटा आला. प्रार्थनेत मारला तर हा स्वर्गाला जाईल, मग तो सूड कसला? आपला बाप तर पापे निस्तरायला सवड न मिळताच गेला. हा दारूत, रागात, जुगारात सापडू दे, तेव्हा मारू, म्हणजे थेट नरकात जाईल, असा त्याचा हिशेब! देह मारून याचे पोट भरत नाही, परलोकाचा निवाडाही यालाच करायचा आहे. डॉ. जॉन्सनने १७६५ च्या आपल्या आवृत्तीत हे भाषण वाचवत नाही इतके भयंकर ठरवले. कोलरिजच्या मते ही नुसती टाळाटाळ, हात उचलवत नाही म्हणून काढलेली सबब. असेलही. पण सबब म्हणून माणसाला जे सुचते, ते त्याच्या मनातच कुठेतरी असते ना? आम्ही आपले जॉन्सनच्या बाजूचे.

आता क्लॉडियसकडे पाहा. हा दुष्ट खरा, पण त्या घटकेला स्वतःशी खोटे बोलत नाही. क्षमा मागायची आहे, पण ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती राणी, ती हाव अजून जवळच आहे. चोरीचा माल घरात ठेवून माफी मिळते का, हे तो स्वतःलाच विचारतो. इथे पैसा चारून न्याय वाकवता येतो, वर ते चालत नाही, हेही त्याला ठाऊक. सगळे कळते, फक्त सोडवत नाही. हॅम्लेट गेल्यावर तो उठतो नि कबूल करतो, की तोंडची प्रार्थना मनाला घेऊन गेलीच नाही. म्हणजे हॅम्लेटने ज्याला स्वर्गाच्या दारात समजून सोडले, तो त्या दारात नव्हताच! गुडघे तेवढे दिसले. आणि आम्हांलाही म्यान केलेली तलवारच तेवढी दिसली होती.

लगेच पुढल्या प्रवेशात, आईच्या दालनात, पडद्यामागे आवाज होताच हाच पोर तलवार आरपार खुपसतो. मरतो म्हातारा पोलोनियस. आत्म्याचा एवढा हिशेब करणाऱ्याने पडदा सारूनही पाहिले नाही. मग त्या म्हाताऱ्याचा मुलगा लाएर्टीस उठतो आणि हॅम्लेटचा गळा चर्चमध्येही कापायला तयार होतो. सुडाला हद्द नसावी, असा दुजोरा त्याला कोण देतो? तोच क्लॉडियस, जो प्रार्थनेला बसला म्हणून वाचला होता.

शेवटी विषारी तलवारीने दोघेही पोरगे घायाळ होतात. हॅम्लेट क्लॉडियसला भोसकतो, वर विषही पाजतो. प्रार्थनेला सवड देत नाही. मग मरता मरता लाएर्टीस त्याच्याकडे क्षमा मागतो, आपलीही देतो. हॅम्लेट त्याच्यासाठी वरच्याजवळ मागणे मागतो, की या पापातून याला मोकळा कर.